अर्धं झाडलेलं अंगण

रिक्षा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली, तिचा आवाज गिरणीच्या घरघरीत मिसळून गेला, आणि माझ्या हातात खराटा होता. तो मी केव्हा उचलला ते मला सांगता येणार नाही. खराटा न्हाणीच्या भिंतीला टेकून ठेवलेला असतो. तिथवर मी चालत गेले असणार, हात पुढे केला असणार, पुन्हा फाटकापाशी आले असणार. गुडघे धरायला लागल्यापासून वाकायचं म्हटलं की मला आधी मनाची तयारी करावी लागते, पण त्या वेळी काही दुखल्याचंही आठवत नाही. मार्च महिना होता. कडुलिंबाचा पिवळा पाला अंगणभर पडला होता. मी फाटकाच्या तोंडापासून झाडत निघाले होते आणि मातीवर खराट्याच्या बारीक रेघा उमटत होत्या, एकीला लागून एक, अर्धगोल. हवेत अजून रिक्षाच्या धुराचा वास होता.

"अवो बाई! काय करून राह्यल्या तुमी?"

गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हात पिठात भरलेले. मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून ती माझ्याकडे कामाला आहे. मूळची तीर्थपुरीची. माझ्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही हे तीच ठरवते.

"लेकरू आत्ता उंबऱ्याच्या बाहेर पडलं, अजून टेसनात बी पोचलं नसंल, अन् तुमी केर काढून राह्यल्या? मयत उचलल्यावानी?"

मी खराटा धरून तशीच उभी राहिले. मला काय हे माहीत नव्हतं? घरातून माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, गरम तव्याला हात लावायचा नाही हे कळतं तसं ते कळलेलं असतं. बदनापूरला आमच्या घरून कुणी मुंबईच्या गाडीला निघालं की आई केरसुणी दाराआड टाकायची आणि दिवेलागणीपर्यंत तिला हात लावू द्यायची नाही. एकदाच मी आईला माणूस गेल्या गेल्या घर झाडताना पाहिलं होतं, वडिलांना नेलं तेव्हा. मागच्या खोलीपासून थेट रस्त्यापर्यंत ती झाडत आली, पदर खोचलेला, कुणाकडे न बघता. त्यानंतर मी हे फक्त एकदाच पाहिलं, आणि ते इथे नाही, फार लांब. आणि आज मीच.

"पाला फार झाला होता गं," मी म्हटलं.

"पाला कुठं पळून चालला व्हता का?" गोजरबाई म्हणाली, आणि पोळ्या करपत असल्यासारखी आत गेली. पोळ्या अजून लाटायच्याच होत्या.

गेलेलं लेकरू म्हणजे आनेके. हॉलंडची मुलगी. बदनापूर रोडला अपंग मुलांचं एक केंद्र आहे, तिथे ती दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून होती. मुलांच्या पायांना व्यायाम द्यायची, त्यांच्या मापाचे पट्टे आणि आधार तयार करायची. तिला राहायला जागा हवी आहे असं केंद्राच्या लोकांनी सांगितलं तेव्हा माझा भाऊ भालचंद्र औरंगाबादहून फोनवर म्हणाला होता, "कशाला नसती पीडा? तिला आपलं खाणं चालणार नाही, आपलं पाणी चालणार नाही, तुलाच तिची सेवा करावी लागेल." मी माडीवरची खोली पुसून घेतली. मलाही एकदा कुणीतरी अशीच खोली दिली होती. पण हे भालचंद्राला सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्या गोष्टीवर आमचं बोलणं दर वेळी सिंहापाशी येऊन थांबायचं. मी आफ्रिकेतून परत आले तेव्हा जालन्याच्या स्टेशनवर हार घालता घालता त्यानं विचारलं होतं, "काय गं, सिंह पाहिलास का?" मी नाही म्हटलं. त्याच्या मुलांची तोंडं उतरली. "एकसुद्धा नाही, आत्या?" त्यानंतर तीन वर्षांचं माझं तिथलं आयुष्य कुणाच्या फारसं उपयोगाचं राहिलं नाही.

आनेकेला आमचं खाणं चाललं, पाणीही चाललं. आठवडाभरात ती गोजरबाईच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायला लागली आणि मराठी तिथेच शिकली. केंद्रातले लोक पुस्तकी मराठी शिकवायचे ते ती विसरून जायची. "आत्या, मी न्हाऊन राह्यले, जल्दी येते," असं माडीवरून ओरडायची तेव्हा खालून जाणारी माणसं थबकून वर बघायची. गोजरबाई तिला अनका म्हणायची. एकदा मी दोन दिवसांसाठी भालचंद्राकडे निघाले होते. मी फाटकाबाहेर पडते न पडते तोच या मुलीनं, मदत म्हणून, ओसरी झाडायला घेतली. गोजरबाईनं केरसुणी तिच्या हातातून हिसकली. "आत्या आत्ता गेल्या! मारायचं हाय का त्यान्ला?" आनेके इतकी घाबरली की तिनं केंद्रातून मला औरंगाबादला फोन केला, मी सुखरूप पोचले का विचारायला. त्या गोष्टीवरून आम्ही कितीदा तरी हसलो होतो.

म्हणजे तिलाही माहीत होतं. हे माझ्या मनात आलं आणि मी फाटकाकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. गिरणी बंद पडली होती, वीज गेली असावी. फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंतचा भाग झाडून झाला होता आणि तिथून ओसरीच्या पायरीपर्यंत पाला तसाच होता. मी पायरीवर बसले. खराटा मांडीवर आडवा.

हे अंगण मी मातीचंच ठेवलं आहे. आजूबाजूला सगळ्यांनी शहाबादी फरशी घातली, भालचंद्रही दर दिवाळीला म्हणतो, पाय घसरून पडलीस तर कोण बघणार, निदान धूळ तरी कमी होईल. मला धूळ चालते. सकाळी झाडून पाणी शिंपडलं की मातीचा जो वास येतो त्यात मी दोन ठिकाणी असते. फक्त तिथली माती तांबडी होती. आमच्या काळ्या मातीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ती जखमेसारखी दिसली. मी झांबियाच्या पूर्वेकडच्या भागात होते, चिपाटा नावाच्या गावापासून आत, एका लहानशा आरोग्य केंद्रावर. जालना जिल्हा झाला तेव्हा मी इथल्या दवाखान्यात सिस्टर होते, बाळंतपणं करत होते, वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आई नुकतीच गेलेली. एका बाहेरच्या संस्थेला खेड्यातल्या सुइणींना शिकवायला अनुभवी नर्स हव्या होत्या. मी अर्ज केला आणि निवड झाल्यावर घाबरले. पण गेले. तिथे माझ्या घराला लागून एस्नार्टचं घर होतं. मधे कुंपण नव्हतं. दोन्ही घरांचं मिळून एकच अंगण.

एस्नार्ट माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. रुंद हाडाची, पुढचा एक दात नसलेली. नवरा खाणीकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. तिथे सगळे तिला आमाई एस्नार्ट म्हणत, आमाई म्हणजे आई, पण कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात. ती सुईण होती आणि माझ्या वर्गात सगळ्यांत मागे बसून झोपायची. पहिल्या महिन्यात तिनं मला एक शब्दही विचारला नाही. मग एके दिवशी मी मक्याच्या पिठाची भाकरी थापत होते, दारातच, आणि ती येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "या पिठानं तुझं काय केलंय?" मी म्हटलं, काही नाही. "मग मारतेस का त्याला?" आणि ती हसायला लागली, त्या पडलेल्या दातासकट. त्या दिवसापासून तिचं माझ्याकडे येणं सुरू झालं. ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करायची आणि पाल्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालायची. ती भाजी तोंडात घातली की मला बदनापूरचं स्वयंपाकघर आठवायचं, आणि मी त्याबद्दल बोलायला लागले की ती म्हणायची, "खा आधी. गाव कुठं पळून जात नाही." तिच्या लाकडी उखळीत मी एकदा हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. तिनं बोट बुडवून चाटलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ती अंगणात गोल गोल फिरत ओरडत होती की भारतातल्या बायकांनी आपल्याला मारायला ही पाठवली आहे. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा आली.

पहाटे जाग यायची ती तिच्या झाडण्याच्या आवाजानं. तिथल्या बायका रोज उजाडायच्या आत अंगण झाडत. आखूड गवताचा झाडू, कमरेतून पूर्ण वाकून, एक हात पाठीवर. झाडून झालं की मातीवर रेघा राहायच्या, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. एस्नार्ट माझ्याही दारापर्यंत झाडत यायची. मी बाहेर पाऊल टाकायला लागले की आधी चिडायची. "थांब, बघू दे." तिला झाडलेलं अंगण थोडा वेळ तसंच रिकामं बघायचं असायचं. मग म्हणायची, आता ये, आता तू आलीस ते दिसेल. मी पाऊल टाकायचे आणि ती त्याच्याकडे बघून मान हलवायची, एखादं काम मनासारखं झाल्यासारखी. मला तो तिचा वेडेपणा वाटायचा.

माझी मुदत संपत आली तेव्हा ऑक्टोबर होता. तिकडे तो सगळ्यांत कडक उन्हाचा महिना. पाऊस यायचा असतो आणि येत नसतो, आणि माती पिठासारखी हलकी होते. आणखी राहणार का असं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं, कारण भालचंद्राच्या मोठ्या आजारपणानंतर त्याच्या घरी माणसाची गरज होती, आणि खरं सांगायचं तर मला ज्वारीच्या भाकरीची, आपल्या भाषेत भांडण्याची फार ओढ लागली होती. एस्नार्टला मी हे सांगितलं. तिनं नुसतं "हं" केलं. शेवटच्या संध्याकाळी तिनं मला तिचं नेसायचं कापड दिलं. तिथे बायका कमरेला गुंडाळतात ते, चिटेंगे म्हणतात. नवं नाही, तिचं वापरातलं, पिवळ्यावर निळे मासे असलेलं. आपल्याकडे वापरलेलं कापड भेट म्हणून कुणी कुणाला देत नाही, म्हणून मला क्षणभर खटकलं. मग लक्षात आलं की तिनं ते धुऊन ओलंच आणलं होतं, इतक्या घाईनं. मी ते माझ्या दोरीवर वाळत घातलं. ती बघत उभी राहिली.

सकाळी जीप आली. सुइणी आल्या, गाणं म्हणाल्या, टाळ्या वाजवल्या, एकीनं कोंबडी आणली, मी ती परत देताना गोंधळ झाला. त्यांच्या भाषेत निघणाऱ्यानं म्हणायचं असतं, त्सालानी ब्विनो, म्हणजे नीट राहा. आणि राहणाऱ्यानं म्हणायचं असतं, पितानी ब्विनो, नीट जा. माझं म्हणून झालं, एकेकीला, हात हातात घेऊन. एस्नार्ट त्यांच्यात नव्हती. ती तिच्या दारात पाठमोरी उभी राहून चुलीची राख उकरत होती. मी तिच्याकडे गेले. "आमाई, त्सालानी ब्विनो." तिनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं आणि पुन्हा राख उकरायला लागली. तिनं तिचं म्हटलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी जीपमध्ये बसले. हापशापाशी रस्ता वळतो, तिथे मला आठवलं की दोरीवरचं कापड राहिलं. माझ्या तोंडून काही आवाज निघाला असेल, कारण ड्रायव्हरनं वेग कमी करून विचारलं, "परत वळवू?"

मी मागे बघितलं. एस्नार्ट अंगण झाडत होती. माझ्या दारापासून रस्त्याकडे. पूर्ण वाकलेली, एक हात पाठीवर, भराभर, कुणाकडे न बघता. पहाटे तिनं एकदा झाडलं होतं. मी ऐकलं होतं. आता ती पुन्हा झाडत होती आणि तांबडी धूळ तिच्याभोवती उभी राहिली होती.

ते बघताना मला आई दिसली, मागच्या खोलीपासून रस्त्यापर्यंत झाडत येणारी. मी तर जिवंत होते, जीपमध्ये बसले होते. "नको," मी ड्रायव्हरला म्हटलं, "निघाल्यावर मागे फिरू नये." आपल्याकडचंच म्हटलं. तो बिचारा काय समजला कोण जाणे, त्यानं गाडी दामटली. चिपाट्यात एका गुजराती दुकानदाराकडे चहा प्यायला थांबलो, त्याची बायको म्हणाली, "बहन, रोते नहीं, घर जा रही हो." लुसाकाच्या रस्त्याला, मोठ्या नदीचा पूल ओलांडताना, मी त्या देशाचा निरोप घ्यायचा प्रयत्न केला. झाडं बघितली, टेकड्या बघितल्या, मनात म्हटलं की हे पुन्हा दिसणार नाही. पण देश म्हणून काही डोळ्यांपुढे येईना. एक अंगणच यायचं, आणि तेही पुसत चाललेलं.

त्यानंतर मी इथे नोकरी केली, बाळंतपणं केली, भालचंद्राची मुलं मोठी केली, ती औरंगाबाद-पुण्याला गेली, त्यांच्यामागे भालचंद्रही औरंगाबादला गेला. मी कधीही कुणाला एस्नार्टबद्दल सांगितलं नाही. सांगायचं काय? की तिला मी एकदम नकोशी झाले? की मी तीन वर्षं जिला आपलं मानलं तिनं माझी पावलंसुद्धा ठेवली नाहीत? कधी वाटायचं, तिकडे तसा रिवाज नसेल, तिच्या मनात काहीच नसेल, तिला धूळ दिसली आणि तिनं झाडलं. हे तर त्याहून वाईट वाटायचं. अंगण झाडताना, पाणी शिंपताना, रांग लावून कारणं यायची आणि एकही टिकायचं नाही. वयानं बाकी पुष्कळ गोष्टी बोथट झाल्या. हीच नाही.

आज सकाळी आनेकेची ओटी भरायची की नाही यावरून गोजरबाईचं आणि माझं वाजलं. मी म्हणत होते, लग्न न झालेल्या मुलीची कशी भरायची. गोजरबाई म्हणाली, "लेकबाळ सासरी जाऊ द्या न्हाई तर साता समुद्रापल्याड, मोकळ्या वटीनं धाडायची न्हाई. तुमाला माहेरवाशिणीतलं काय कळतं?" हे माझ्या वर्मावरच होतं, पण तिनं सहज म्हटलं. मग तिनं खण, नारळ, तांदूळ घातले, आनेकेनं ओढणी पसरून घेतले आणि विचारलं, "हे विमानात खायचं असतं का?" आम्ही हसलो. पण रिक्षा आली आणि मला काहीतरी झालं. मी तिच्या पिशव्या मोजायला लागले, कुलूप नीट लागतं का बघायला लागले, रिक्षावाल्या मच्छिंद्रला रस्ता सांगायला लागले, जणू त्याला स्टेशन माहीत नव्हतं. आनेके माझ्यासमोर उभी राहिली. "आत्या, मी येते." मला "ये" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "पाण्याची बाटली वरती ठेव." तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हे सगळं मला पायरीवर बसल्यावर एकेक करून दिसायला लागलं. खराट्याची काडी बोटात रुतली होती. मी ती रुतू दिली.

रिक्षाचा आवाज आला. गिरणी बंद होती म्हणून लांबूनच ऐकू आला. मला वाटलं दुसरी कुठली असेल. ती फाटकापाशी थांबली आणि आनेके खाली उतरली, धावत आत आली आणि तिथेच थांबली.

तिनं माझ्या मांडीवरचा खराटा बघितला. मग झाडलेली जमीन बघितली, फाटकापासून पेरूपर्यंत. तिचं तोंड ऊन लागल्यासारखं लाल झालं.

"आत्या," ती म्हणाली, हसायचा प्रयत्न करत, "मी मेले का?"

"थू थू थू!" गोजरबाई आतून धावत आली. "जिभेला काई हाड हाय का न्हाई तुझ्या? अन् परत कामून आली? निघाल्यावर माघारी येतेत का कुणी?"

"वटी राह्यली माझी. वरती टेबलावर."

"घ्या! वटीच इसरली! जे न्यायचं ते ठिवून आली!" गोजरबाईनं कपाळावर हात मारला, पीठ तिच्या कपाळाला लागलं. "आता आशी जाऊ नको. बस. माघारी फिरलेल्या माणसानं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मंग निघायचं. मी आणते वटी."

आनेके माझ्याशेजारी पायरीवर बसली. बाहेर मच्छिंद्र ओरडला, "ताई, गाडी निघून जाईल बरं! मंग मला बोलू नका!" गोजरबाई आतूनच ओरडली, "मुंबईची गाडी कवा टायमावर आल्ती रे? गप बस." मी पाण्याचा तांब्या आणून दिला. आनेकेनं तो दोन्ही हातांत धरला आणि पिईना. ती खराट्याकडे बघत होती.

"माझ्यावर राग आलाय का?" तिनं विचारलं. "मी चाललेय म्हणून?"

मी नाही म्हणणार होते. पण तिच्या आवाजात मला हापशाजवळच्या वळणावरची मीच ऐकू आले आणि मी बोलायला लागले. फार नाही, वेळच नव्हता. मी तिला म्हटलं की मीही तुझ्यासारखी एका देशात राहिले होते. तिला ते माहीत होतं, पण एस्नार्ट माहीत नव्हती. एस्नार्ट सांगितली. कापड सांगितलं, मासे असलेलं. मी निघाले आणि तिनं अंगण झाडलं, हे सांगितलं. हे सगळं मराठीत पहिल्यांदाच बोलत होते आणि ते एवढंच निघालं, चार वाक्यांत बसलं.

"मंग तुमी परत का न्हाई फिरल्या?" आनेके म्हणाली. "कापड घ्यायला?"

"निघाल्यावर मागे फिरू नये म्हणून."

"मी तर फिरले."

"पाणी पी," मी म्हटलं.

ती एक घोट प्यायली. मग विचार करून म्हणाली, "तिनं का झाडलं असंल?"

"तूच सांग. मी का झाडलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटावर खराट्याच्या काडीनं रक्ताचा ठिपका आला होता, तिकडे बघितलं. "तुमाला काई सुचंना म्हणून," ती म्हणाली. अगदी साधेपणानं, जसं ती केंद्रातल्या एखाद्या मुलाच्या आईला सांगत असेल की पाय कुठे अडतोय.

उन्हं पेरूच्या पानांतून खाली आली होती. मला एस्नार्टचा पाठीवर ठेवलेला हात दिसत होता. अठरा वर्षांत तो हात मी किती वेळा पाहिला असेल, पण त्याची बोटं मी कधी बघितली नव्हती. ती मुठीत वळलेली होती. नुसतं झाडताना कुणी पाठीवरच्या हाताची मूठ वळत नाही.

गोजरबाईनं ओटीचं गाठोडं आणून आनेकेच्या पदरात, म्हणजे ओढणीत, पुन्हा घातलं आणि गाठ मारून दिली. "आता सोडू नको. इमान पडलं तरी सोडू नको." "गोजरमावशी!" आनेके म्हणाली, "आत्ता तुमच्या जिभेला हाड न्हाई!" दोघी हसल्या आणि गोजरबाई पदरानं डोळे पुसत आत निघून गेली. मच्छिंद्रनं आता हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

आनेके उठली. माझ्यापाशी आली. या वेळी मी पिशव्या बघितल्या नाहीत.

"आत्या, येते."

"पितानी ब्विनो," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून आपोआप आलं. इथे जालन्यात, माझ्या अंगणात, ते शब्द कुणी कधी बोललं नव्हतं. मी स्वतःही नाही. हे म्हणणं माझ्या वाट्याचं कधीच नव्हतं, मी तिथून नेहमी निघणारी होते.

"काय म्हणल्या?"

"नीट जा म्हटलं. आणि ये."

ती गेली. फाटकाबाहेर जाऊन तिनं एकदा मागे बघितलं, मी खराटा खाली ठेवला होता, ते तिला दिसलं असावं. रिक्षा गिरणीपाशी वळली. वीज आली, गिरणी पुन्हा सुरू झाली.

गोजरबाई भांडं घेऊन बाहेर आली. "पाणी मारू का? आर्धं आंगण झाडलेलं, आर्धं तसंच, बरं दिसना. तेवढं झाकून तरी टाकते."

"थांब," मी म्हटलं. "बघू दे."

पायरीपासून पेरूपर्यंत पाल्यावर काहीच उमटलं नव्हतं. तिथून ती किती वेळा आली-गेली, दोन वर्षांत, त्याची एकही खूण नव्हती. पण पेरूपासून फाटकापर्यंत, जिथे मी झाडलं होतं, तिथे खराट्याच्या रेघांवर तिच्या कोल्हापुरी चपलांचे ठसे स्वच्छ उठले होते. काही बाहेर जाणारे. आणि काही, धावत आल्यामुळे टाचेशी कमी आणि पुढे खोल रुतलेले, आत येणारे.

"काय बघायचंय त्यात?" गोजरबाई म्हणाली.

"आली ते दिसतंय," मी म्हटलं.